चेकर म्हणाला, चॅनल मोकळा आहे

मागच्या भागात मी एक विमान पाडल्याचं ओझरतं बोललो, आणि तुम्ही विचारत बसलात, कसं पाडलं? तर ऐका.

2003 साल. मी नोकरीसाठी न्यू जर्सीत होतो. शनिवारी सकाळी मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या मैदानावर जायचो. आज तुमचा रिमोट आणि विमान 2.4 गिगाहर्ट्झवर आपापसात जोडून घेतात, तुमच्या कानातल्या ब्लूटूथसारखेच. तेव्हा तसं नव्हतं. तिथं मॉडेल विमानांसाठी 72 मेगाहर्ट्झचा पट्टा, त्यात 11 ते 60 असे पन्नास चॅनल. माझा 42, म्हणजे 72.630. एका चॅनलवर एका वेळी एकच माणूस. दुसऱ्यानं तोच चॅनल चालू केला, की विमानाला कळत नाही कुणाचं ऐकायचं.

म्हणून मैदानावर एक फळी. तिच्यावर चॅनलचे आकडे लिहिलेले लाकडी चिमटे, अगदी कपडे वाळत घालायचे असतात ना, तेच. आपला चिमटा घेतला तरच रिमोट चालू करायचा.

मी मात्र एक सेकंडहँड फ्रिक्वेन्सी चेकर घेतला होता. मुठीत मावणारा, वर छोटी एरियल. चॅनल लावायचा, तिथं सिग्नल असेल तर दिवा लागतो. पार्किंगमध्ये तपासून पाहिला. रिमोटच्या अगदी जवळ धरला तर 41 आणि 43 वरही दिवा! जवळच्या जोरदार सिग्नलनं तो गोंधळायचा. मागं सरकलो, मग फक्त 42. वा, म्हटलं, काम झालं.

शनिवारी फळीवर 42 चा चिमटाच नाही. चेकर लावला. मिनिटभर थांबलो. दिवा नाही. कुणीतरी चिमटा खिशात घालून घरी गेला असणार, असं मीच ठरवून टाकलं, आणि उडवलं.

तिसऱ्या फेरीत विमानानं झटका खाल्ला, आडवं झालं आणि शेजारच्या मक्यात गेलं. संपलं.

मैदानाच्या टोकाला एक आजोबा पंखा बदलत बसले होते, रिमोट बंद ठेवून. काम झालं, त्यांनी रिमोट चालू केला. 42 चा चिमटा त्यांच्याच एरियलला लावलेला. मी चेकर दाखवला तर म्हणाले, "अरे, मी गप्प होतो. ह्याला काय ऐकू येणार?"

चिडले नाहीत हो. उलट म्हणाले, चल, नीट तपासू. रिमोटची एरियल मिटवून ते लांब चालत गेले. मी चेकर गुडघ्याशी धरला, दिवा विझला. ट्रकच्या टपावर चढून धरला, लागला! म्हणजे जमिनीवर जे ऐकू येत नाही, ते उंचावरच्या विमानाला ऐकू येऊ शकतं. पलीकडच्या मैदानावरचा रिमोटसुद्धा. तेव्हापासून चेकरचा दिवा लागला तर मी उडवत नाही, आणि नाही लागला तरी आधी चिमटा शोधतो.

पुढचे दोन शनिवार क्लबानं मला फळीपाशी बसवलं, चिमटे वाटायला. पंख दुरुस्त व्हायला मात्र दिवाळी उजाडली.