जामीन राहण्यापूर्वी



बायबलात ‘नीतिसूत्रे’ नावाचे एक पुस्तक आहे. त्याचे अध्याय ३१. त्यातली पुष्कळ वचने शलमोन राजाच्या नावावर आहेत. पुस्तक जुन्या इस्राएल देशातले. पण शेजार, उधारी, भांडण, आळस हे तिथेही होतेच. आज आम्ही त्यातली एकच गोष्ट सांगणार आहोत. ती जामिनाची.

बारा वर्षांपूर्वी एक स्नेही आमच्या घरी आले. म्हणाले, “गुरुजी, मुलीचं लग्न आहे. कर्ज काढतोय. तुमची नुसती सही पाहिजे.” चहा निवायच्या आत आम्ही सही केली. मुलांना वाचायला शिकवणारे आम्ही, पण तो कागद काही वाचला नाही!

दोन वर्षांनी नोटीस आली, ती आमच्या नावाने. हप्ते थकले होते. ते आम्ही भरले. त्या वर्षी घराची कौले बदलायची राहिली. स्नेह्यांचे येणेजाणेही थांबले. पैशापेक्षा तेच जास्त लागले.

नीतिसूत्रे बजावतात की, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहाल, तर अंगाखालचे अंथरूणही जाईल. त्या काळी हातावर हात मारला की जामीन पक्का होई. आता सही किंवा अंगठा लागतो. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे. करारात वेगळे ठरले नसेल, तर कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची असते. म्हणजे ‘नुसती सही’ असे काही नसतेच.

मग शेजाऱ्याला मदत करायची नाही का? जरूर करायची. तेच पुस्तक सांगते की, देण्याजोगे जवळ असताना शेजाऱ्याला ‘उद्या ये’ म्हणू नये. पायली-दोन पायली जोंधळे द्या. लग्नात चार दिवस राबा. हातात आहे ते आजच द्या. हातात नाही त्याचा शब्द देऊ नका.

आणि आधीच जामीन राहिला असाल तर? पुस्तक म्हणते, झोप घेऊ नका. मानपान सोडून त्या माणसाकडे जा, त्याला विनवा. पाखरू फाशातून सुटते तसे सुटा. हप्ते भरले जातात की नाही, याची चौकशी करा. तुम्हांला भरावे लागले, तर पावती जपून ठेवा. ती रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कायद्याने तुम्हांला आहे.

आता तुम्हांला वाचता येते. कोणी कागद पुढे केला तर म्हणा, “ठेवून जा. रात्री वाचतो, घरात विचारतो, सकाळी सांगतो.”

खरा स्नेही एका रात्रीने रागावत नाही.