सही करण्याआधी गाडीचा कागद वाचू या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आज बचतीचा हिशोब बाजूला ठेवू आणि गाडीबद्दल बोलू. आपल्या गटांतल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी ड्रायव्हर आहे. दुसऱ्याच्या ट्रकवर, पिकअपवर पगारी काम करतो आणि स्वतःची गाडी घ्यायचं स्वप्न बघतो. स्वप्न चांगलंच आहे. पण गाडी दारात येते तेव्हा कागदावर घरातल्या बाईचीही सही घेतात. कधी सहकर्जदार म्हणून, कधी जामीनदार म्हणून. पुढं काही झालं की आपण म्हणतो, "मला काय माहीत, मी नुसती सही केली." त्या नुसत्या सहीबद्दल मला बोलायचंय.

गाडी साधारण दोन तऱ्हेनं येते. पहिली, बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या कर्जातून. गाडी आपल्या नावावर होते, पण आरसीवर कर्ज देणाऱ्याचा बोजा चढतो. दुसरी तऱ्हा भाडे-खरेदीची. ट्रान्सपोर्टवाला किंवा ठेकेदार म्हणतो, "गाडी माझी, चालव तू. तुझ्या भाड्यातून हप्ता कापतो. चार वर्षांनी गाडी तुझी." ना बँकेची पायरी, ना मोठं डाउन पेमेंट. ऐकायला गोड. पण धोका इथंच जास्त आहे.

एक तर, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी आपली नसते. सर्वोच्च न्यायालयानं २०२० सालच्या एका निकालात हेच सांगितलं आहे. भाडे-खरेदीच्या करारात सगळे हप्ते फिटेपर्यंत मालक पैसे पुरवणाराच, आणि हप्ते थकले तर करारानुसार तो गाडी परत घेऊ शकतो. तीन वर्षं इमानदारीनं भरलं आणि चौथ्या वर्षी आजारपण आलं, तर गाडी जाते आणि भरलेले पैसे गाडीचं भाडं होतं म्हणून हात झटकले जातात.

दुसरं, काम देणाराही तोच आणि हप्ता कापणाराही तोच. त्यानं महिनाभर फेऱ्या कमी दिल्या तर गाडी उभी, हप्ता मात्र चालू. बाहेरचा माल भरायचा नाही, अशी अटही असते. डिझेल, टायर, विमा, टोल, दुरुस्ती सगळं आपल्या खिशातून. म्हणजे खर्च मालकाचा करायचा आणि हक्क गड्याचाही नाही.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरांना अशा करारावर गाड्या देण्याची जुनी पद्धत आहे. तिथल्या सरकारी अभ्यासगटानं जानेवारी २०२५ मध्ये अहवाल दिला आणि अशा योजनांवर बंदी घाला, अशी शिफारस केली. तेव्हा "आपण अडाणी म्हणून फसलो" असं कुणी मनात आणू नका. कागदच तसा बांधलेला असतो.

आता व्याज बघू. समजा, सहा लाखांची गाडी, "फक्त दहा टक्के" व्याज, चार वर्षं. दहा टक्के पूर्ण सहा लाखांवर चारही वर्षं धरले तर व्याज २,४०,००० रुपये. हप्ता १७,५००. पण आपलं मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असतं! आपल्या गटात कसं, उरलेल्या रकमेवरच व्याज लावतो. त्या पद्धतीनं मोजलं तर हाच दर साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून विचारायचं, व्याज फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर?

आणि सही. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. नवऱ्यानं, मुलानं हप्ता नाही भरला तर थेट तुमच्याकडं मागणी येऊ शकते.

कर्ज बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं असेल तर रिझर्व्ह बँकेचे नियम आपल्या बाजूनं आहेत. कराराची प्रत मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांना मुख्य माहितीचा कागद द्यावाच लागतो. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो आणि तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा. वसुलीला गुंड पाठवणं, धमकावणं चालत नाही. तसं झालं तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. माहितीसाठी फोन १४४४८, तक्रारीला पैसे लागत नाहीत. आणि कर्ज फिटलं की ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवायला विसरू नका. हे नियम ठेकेदाराला मात्र लागत नाहीत. तिथं कागदावर जे लिहिलंय तेवढंच आपल्या हातात.

म्हणून सहीआधी तीन प्रश्न विचारा. आरसी कुणाच्या नावावर? काम मिळालं नाही त्या महिन्याच्या हप्त्याचं काय? मध्येच सोडलं तर भरलेल्यातलं किती परत? उत्तर तोंडी नको, कागदावर हवं. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही तर अजिबात नाही.

ताई, गटातून पाच हजार देताना आपण कारण विचारतो, परतफेड कशी करणार ते विचारतो, ठराव लिहितो. मग सहा लाखांच्या कागदावर उभ्या उभ्या सही का करायची? माझी विनंती आहे, या महिन्यात प्रत्येक गटानं एक ठराव घ्यावा: घरात गाडीचा कागद आला की तो आधी गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचायचा. वाचायला कुणी नसेल तर सीआरपी ताईंना बोलवा, मला फोन करा. एजंट म्हणेल, "आजच सही करा, उद्या स्कीम बंद." त्याला सांगा, आमची बैठक झाल्याशिवाय सही नाही.