गेमचे गुण आणि गेममधले गुण



आज मी तुमच्याशी बोलतोय बबीनाहून. झाशीतून ललितपूरच्या रस्त्याला लागलात की तासाभराच्या आत ही लष्करी छावणी येते. शेजारी मोठं फायरिंग रेंज आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये भारत आणि रशियाच्या तुकड्यांनी 'इंद्र' हा संयुक्त सराव इथेच केला होता. महाराष्ट्रातून बदलीवर आलेली फौजी कुटुंबं इथे राहतात, आणि त्यांच्या घरातली मुलं इतर सगळ्या मुलांसारखीच मोबाइलवर गेम खेळतात. साहजिकच युद्धाच्या गेमबद्दल इथे एक शेरा हमखास ऐकू येतो : "हॅ, बंदूक अशी कोण धरतं? रणगाड्याचा आवाज असा थोडाच असतो?"

शेरा बरोबर आहे. पण तेवढ्यावरून गेम वाईट ठरतो का? आजचा विषय हाच आहे. समीक्षक एखाद्या व्हिडिओ गेमची बलस्थानं आणि उणिवा ठरवतात, त्या कशाच्या आधारावर? आणि आपण त्यातून काय घ्यायचं? आपण म्हणजे गेम खेळणारे, मुलांना विकत घेऊन देणारे, किंवा नुसतंच "किती वेळ खेळतोस रे" म्हणणारे सुद्धा.

सुरुवात आपल्या ओळखीच्या खेळापासून करू. बुद्धिबळातला हत्ती सरळ चालतो, उंट तिरका जातो, घोडा अडीच घरं उडी मारतो. खरा उंट तिरका चालत नाही म्हणून बुद्धिबळाला कुणी नावं ठेवलेली नाहीत. का? कारण नियम पक्के आहेत, दोन्ही बाजूंना सारखे आहेत, आणि हरलेल्या माणसाला आपण कुठे हरलो ते बोट ठेवून सांगता येतं. जाणता समीक्षक व्हिडिओ गेमकडेही आधी याच नजरेने बघतो. गेम खरा दिसतो का, हा प्रश्न नंतरचा. गेम आपल्याच नियमांना धरून राहतो का, हा आधीचा. अर्थात गेमने स्वतःच "अगदी खरंखुरं युद्ध" असं वचन दिलं असेल, तर बबीनाच्या मुलाचा शेरा मुद्द्याचा ठरतो. ज्याने जे वचन दिलं, त्याच्यावर त्याला तोलायचं.

दुसरी गोष्ट हाताची. सिनेमा बघताना प्रेक्षक चुकत नाही, गेम खेळताना चुकतो. त्यामुळे गेमच्या समीक्षकाला सिनेमाच्या समीक्षकापेक्षा एक जास्तीचं काम असतं. बटण दाबल्यावर उडी वेळेवर लागते का? पडलो तर चूक माझी होती, की कॅमेऱ्याने कडा दिसूच दिली नाही? मेल्यावर पुन्हा किती मागून सुरुवात करावी लागते? दहाव्या लढाईत पहिल्या लढाईपेक्षा काही नवं करावं लागतं का? हे प्रश्न चित्रं बघून सुटत नाहीत, त्यासाठी खेळावंच लागतं.

आता आपल्याच घरचं उदाहरण घेऊ. पुण्यात नोडिंग हेड्स गेम्स नावाचा एक छोटा स्टुडिओ आहे. त्यांनी 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम चालू ठेवलं, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर गेम आला. सर्कशीत कसरती करणारी राजी नावाची मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि ही गोष्ट सांगणारे निवेदक कोण, तर दुर्गा आणि विष्णू.

समीक्षकांनी काय म्हटलं? राजस्थानी वळणाचे महाल, भिंतींवरची चित्रं, पुराणकथा सांगायची रीत, याचं मनापासून कौतुक झालं. कथेतले काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या ढंगात दाखवलेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची छायाबाहुल्यांची परंपरा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते लगेच आपलंसं वाटेल. आणि त्याच परीक्षणांत उणिवाही स्पष्ट लिहिलेल्या होत्या : मारामारी लवकर एकसुरी होते, दूरवर खिळलेल्या कॅमेऱ्यामुळे उडीचा अंदाज चुकतो, गेम पाच-सहा तासांत आटोपतो आणि शेवट अर्ध्यावर तोडल्यासारखा वाटतो. वर्षाअखेरीस द गेम अवॉर्ड्समध्ये 'राजी'ला पहिल्याच कामासाठीच्या इंडी विभागात नामांकन मिळालं. मान मिळाला म्हणून उणिवा पुसल्या गेल्या नाहीत, आणि उणिवा होत्या म्हणून मान अडला नाही.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं. स्टुडिओने 'राजी'ची सुधारित आवृत्ती काढली. त्यात हिंदी आवाज आले, कथेतल्या दृश्यांवर नव्याने काम झालं, आणि मारामारीत सुधारणा झाल्या. हे सगळं परीक्षणं वाचूनच झालं असं मी म्हणणार नाही. पण मारामारीच्या बाबतीत समीक्षेने बोट ठेवलेली जागा आणि सुधारलेली जागा एकच निघाली, हे आपल्याला दिसतं. "भारतीय गेम आहे, टाळ्या वाजवा" एवढंच सगळ्यांनी लिहिलं असतं, तर त्या मंडळींना त्यातून काय हाती लागलं असतं?

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. दोनच दिवसांनी बंगळुरूच्या एनकोअर गेम्सच्या 'फौजी' या गेमची घोषणा झाली. अक्षय कुमारने ती केली होती. २६ जानेवारी २०२१ ला, प्रजासत्ताक दिनी, गेम आला. गलवान खोऱ्याची पार्श्वभूमी, नायक भारतीय जवान. काही लोकांनी देशप्रेमाने भराभर पाच तारे दिले. दुसऱ्यांना पबजीसारखा बंदुकांचा गेम हवा होता. सुरुवातीच्या आवृत्तीत फक्त हातघाईची लढाई होती, म्हणून त्यांनी रागाने एकेक तारा दिला. सरासरी भराभर खाली आली.

आता सांगा, यात गेमबद्दल कोण बोललं? पाच तारे जवानाला होते, एक तारा पबजी गेल्याच्या दुःखाला होता. हातघाईच्या लढाईत ठोसा लागल्यासारखा वाटतो का, शत्रू वेगवेगळ्या प्रकारे चालून येतात का, वीस मिनिटांनंतर कंटाळा येतो का, हे प्रश्न त्या गोंधळात बाजूलाच पडले. छावणीत राहणाऱ्या माणसाला जवानाचा मान वेगळा शिकवावा लागत नाही. पण तो मान गेमच्या खात्यात जमा करायचं कारण नाही.

मराठीत आपण 'गुण' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. परीक्षेत पडतात ते गुण, आणि माणसात असतात ते गुण. गेमच्या बाबतीत पहिल्याने दुसऱ्याला झाकून टाकलंय. मेटाक्रिटिक नावाची वेबसाइट २००१ पासून निरनिराळ्या परीक्षणांचे गुण गोळा करून शंभरपैकी एक सरासरी आकडा देते. 'राजी' तिथे सत्तरीच्या आसपास राहिला. त्या आकड्यात महालही दिसत नाहीत आणि चुकलेली उडीही दिसत नाही.

बरं, हा आकडा निरुपद्रवी नाही. २०१० मध्ये ऑब्सिडियन या स्टुडिओने 'फॉलआउट : न्यू व्हेगस' केला. गेमला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर स्टुडिओला बोनस मिळणार होता. मिळाले ८४. बोनस गेला. ही गोष्ट त्याच स्टुडिओच्या ख्रिस ॲव्हेलोनने पुढे जाहीरपणे सांगितली. एका गुणावर कितीतरी लोकांचा बोनस अडकलेला असू शकतो. म्हणून परीक्षण लिहिणाऱ्याने आकड्याआधी कारण द्यायला हवं.

आणि सामान्य खेळाडूंचे आकडे? जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस : भाग दोन' आला. गेम पुरा करायला वीस-पंचवीस तास लागतात. पण बाजारात आल्यावर काही तासांतच शून्य गुणांचे ढीग पडले. न खेळता दिलेला निकाल म्हणजे पेपर न वाचता नापास करणं. त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला की गेम आल्यापासून पहिले ३६ तास वापरकर्त्यांना गुण देता येणार नाहीत.

समीक्षकही सुटत नाहीत हं. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला. आधी परीक्षणासाठी दिली गेली होती ती कॉम्प्युटरवरची आवृत्ती. त्यावर भरभरून लिहिलं गेलं. मग लोकांनी जुन्या प्लेस्टेशन ४ वर गेम लावला आणि तो अडखळायला, बंद पडायला लागला. सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला, आणि परत ठेवला तो थेट पुढच्या जूनमध्ये. कौतुक करणारे खोटं बोलत नव्हते. त्यांनी वेगळ्या यंत्रावर खेळलं होतं, एवढंच. आपल्याकडे तर हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा. बहुतेक घरांत गेम चालतो तो मध्यम किमतीच्या फोनवर. लाखभराच्या कॉम्प्युटरवर बसून दिलेलं मत त्या घराच्या किती कामाचं?

तर मग चांगलं परीक्षण कसं असावं? आपल्याला ते बाहेरून शिकायची गरज नाही. मराठीत नाटकाचं परीक्षण लिहिणारा माणूस संहिता, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना वेगवेगळं तपासतो. नेपथ्य देखणं होतं पण दुसरा अंक रेंगाळला, असं तो बेधडक लिहितो, आणि वाचणाराही ते समजून घेतो. तीच शिस्त गेमला लावायची.

कुठल्या यंत्रावर खेळलो आणि किती तास खेळलो, हे आधी सांगायचं. गेमला काय करायचं होतं ते त्याच्या बाजूने एका वाक्यात मांडायचं. मग एक बलस्थान आणि एक उणीव, दोन्ही नेमक्या जागेसकट. "ग्राफिक्स भारी" म्हणू नका, कुठल्या लेव्हलला थांबून बघत राहिलात ते सांगा. "कंट्रोल बेकार" म्हणू नका, कुठली उडी पाच वेळा चुकली ते सांगा. गेम पैसे कुठे मागतो, आणि न देणाऱ्याला अडवतो का, हे लपवू नका, कारण ते पैसे बहुतेक वेळा आईबाबांच्या खात्यातून जातात. आणि शेवटी, हा गेम कुणाला आवडेल आणि कुणाला नाही. आकडा द्यायचाच असेल तर या सगळ्याच्या नंतर.

मंडळी, आपल्याकडे घरच्या कलेला दोनच वागणुका मिळतात. एक तर "आपलं आहे, म्हणजे छानच", नाही तर "आपलं आहे, म्हणजे काय असणार". दोन्हींत खेळून बघायचे कष्ट वाचतात. आज पुण्यात, कोल्हापुरात किंवा इथे झाशीकडे एखादी मुलगी कॉम्प्युटरवर आपला पहिला गेम जुळवत बसली असेल. तिला आपल्या आरतीचा उपयोग नाही आणि टोमण्याचाही नाही. तिसऱ्या लेव्हलला पूल ओलांडताना कॅमेरा उशिरा वळतो, हे कुणीतरी तिला तिच्या भाषेत सांगायला हवं. ते सांगणारा माणूस तुमच्यातलाच कुणीतरी असू शकतो.

इथेच थांबतो.