उन्हाशी वैर नको, हिशेब हवा

(अहिल्यानगर येथे तरुणांसाठी भरलेल्या व्यायामवर्गाच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आपण मला 'ट्रायथलॉन' या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. मी कोणी नामवंत क्रीडापटू नाही. पन्नाशी ओलांडलेला, नोकरी करणारा, नगरच्या मातीत वाढलेला एक सामान्य माणूस आहे. पराक्रमाच्या गोष्टी सांगण्याजोगे माझ्याजवळ फारसे काही नाही. मात्र एक चूक आहे आणि त्या चुकीने शिकवलेले काही आहे. तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम स्पर्धेची ओळख करून देतो. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करायचे, म्हणजे ट्रायथलॉन. तिच्या मध्यम पल्ल्याच्या प्रकारात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. सर्व मिळून ११३ किलोमीटर. पूर्ण पल्ल्याच्या 'आयर्नमॅन' स्पर्धेचे हे बरोबर निम्मे अंतर होय.

या पूर्ण पल्ल्याच्या स्पर्धेचा उगम १९७८ मधला, हवाई बेटांवरचा. जलतरणपटू श्रेष्ठ, सायकलपटू श्रेष्ठ की धावपटू, असा वाद रंगला आणि तिन्ही एकत्र करून तो सोडवायचे ठरले. त्या पहिल्या स्पर्धेत पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पूर्ण केली. धावण्याच्या टप्प्याला प्रारंभ झाला तेव्हा जो आघाडीवर होता, त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली! तो मागे पडला आणि गॉर्डन हॅलर विजयी झाला. या क्रीडाप्रकाराच्या पहिल्याच दिवशी निकालावर पाण्याची छाया होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे मध्यम पल्ल्याची 'आयर्नमॅन' मालिकेतील स्पर्धा २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर प्रथम झाली. आपल्या सेनादलाचे बिश्वरजीत सैखोम हे ती जिंकणारे पहिले वीर. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, वयाच्या पन्नाशीला पोहोचत असताना झुरिचची पूर्ण आयर्नमॅन पार केली, तेव्हापासून मराठी घरांत हा शब्द रुळला. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी तर स्वत: अनेकदा ही स्पर्धा पूर्ण करून इतरांनाही घडवले. अशा उदाहरणांनी भारावून मीही २०१९ च्या त्या पहिल्या स्पर्धेची तयारी सुरू केली होती.

एक एप्रिलची सकाळ

लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो होतो. सायकल तर आपल्या पिढीचे वाहनच. राहिले धावणे. माझ्यासोबत मित्राचा एक तरुण मुलगा सराव करीत असे. मला तो 'काका' म्हणे आणि माझा शब्द प्रमाण मानी.

एप्रिल २०१९ मधला तो दिवस. पहाटे निघायचे ठरले होते, परंतु माझ्यामुळे उशीर झाला. पाथर्डी रस्त्याने करंजीच्या घाटापर्यंत जाऊन आम्ही परतत होतो. साडेदहा-अकराचा सुमार. मुलगा मागे पडू लागला. "काका, जरा सावलीत थांबू या का?" असे त्याने दोनदा विचारले. मी म्हणालो, "इच्छाशक्तीची परीक्षा अशाच वेळी असते. थांबायचे नाही!"

बंधूंनो, हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही.

थोड्याच वेळात त्याची सायकल रस्ता सोडून कडेच्या मातीत गेली. मी धावलो. तो असंबद्ध बोलत होता. मला ओळखेना. अंग तापलेले होते आणि तरीही घामाने निथळत होते. मी त्याच्या तोंडाला बाटली लावू लागलो, खिशातला दूरध्वनी चाचपू लागलो आणि काय करावे हे न सुचून नुसता उभा राहिलो. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून एक माउली धावत आली. "दादा, बघत काय बसलात? आधी पोराला पान्यात घाला!" असे म्हणत तिने आणि तिच्या मुलाने त्याला उचलले आणि गुरांच्या हौदात मानेपर्यंत बसवले. डोके धरून ठेवले, वरून कळशीने पाणी ओतत राहिले. मग तिने रुग्णवाहिकेला दूरध्वनी करण्यास सांगितले.

पुढे मी तिला विचारले, हे तुम्हाला कसे सुचले? ती म्हणाली, "आमची जर्शी गाय उन्हानं अशीच बसती. तवा आधी पानी वततो, मग डाक्टरला बोलावतो."

मुलगा वाचला. रुग्णालयातील डॉक्टरांनी सांगितले की, पहिल्या काही मिनिटांत अंग थंड केले गेले, म्हणूनच हा आपल्यात आहे. ज्या क्रीडाशास्त्राचा मी अभ्यास करीत होतो, त्याचाही आज हाच निष्कर्ष आहे : आधी थंड करा, मग हलवा. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांपलीकडे जाणे आणि त्यासोबत भान हरपणे, हा उष्माघात. घाम थांबला तरच उष्माघात, ही समजूत घातक आहे. परिश्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम वाहत असू शकतो. भान हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. हौद, बर्फाचे पाणी, ओली चादर आणि वारा, जे हाती असेल त्याने ताबडतोब थंड करावे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी.

त्या वर्षी मी स्पर्धेला गेलो नाही. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे ती झाली नाही. ती तीन वर्षे मी एका प्रश्नाच्या मागे लागलो : माझा हिशेब कोठे चुकला?

हिवरे बाजारचा धडा

उत्तर मला आपल्याच जिल्ह्यात सापडले. हिवरे बाजार आपणा सर्वांना ठाऊक आहे. पद्मश्री पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त घालून घेतली. पाऊस किती पडला, भूगर्भात किती मुरला हे मोजायचे. माणसांचे आणि गुरांचे पिण्याचे पाणी आधी राखून ठेवायचे. उरलेल्या पाण्यात कोणते पीक बसते ते ग्रामसभेत ठरवायचे. उसासारखे तहानलेले पीक घ्यायचे नाही, शेतीसाठी विंधनविहीर खोदायची नाही. पाऊस वाढवणे गावाच्या हातात नव्हते. खर्च आवरणे होते.

शरीराचेही तसेच आहे. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतील जेमतेम पाव हिस्सा गतीसाठी वापरतात, उरलेली उष्णता होते. तासाला ८०० कॅलरी खर्च करणाऱ्या माणसाच्या अंगात सुमारे ६०० कॅलरी उष्णता निर्माण होते. ती बाहेर पडलीच नाही, तर ७० किलोच्या देहाचे तापमान दर सहा मिनिटांना एक अंशाने चढेल! ईश्वराने यावर योजलेला उपाय म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाला लिटरभर घाम वाळला पाहिजे. 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा. टपकून खाली पडलेला घाम थंडावा देत नाही.

नगरची हवा कोरडी. येथे घाम क्षणात वाळतो, आणि म्हणूनच किती गेला ते कळत नाही. गोव्याची हवा दमट. तेथे घाम वाहतो, पण वाळत नाही. एक ऊन चोरटे, दुसरे दांडगे. शिवाय सायकलवर वारा लागतो आणि उकाडा झाकला जातो. उतरून धावू लागताच वारा थांबतो आणि ९० किलोमीटरचे सारे देणे एकदम दारात उभे राहते. मध्यम पल्ल्याची स्पर्धा धावण्यात हरली असे दिसते. वस्तुत: ती सायकलवरच हरलेली असते.

आता हिशेब मांडू. सरावाआधी कोरड्या अंगाने वजन करा. तासभर व्यायाम करा. पुन्हा अंग पुसून वजन करा. जितके किलो घटले, तितके लिटर पाणी गेले. मध्ये जे प्यालात ते त्यात मिळवा. हा आपला तासाचा घाम. समजा तो १.२ लिटर आहे. सहा तासांत ७.२ लिटर. तासाला ७०० मिलिलिटर प्यालात, तर ४.२ लिटर जमा. तूट तीन लिटरची, म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या वजनाच्या चार टक्क्यांहून अधिक. दोन टक्क्यांपुढेच कार्यक्षमता ढासळू लागते. मग भरपूर पाणी ढोसावे काय? तेही नाही. पोट तासाला साधारण लिटरभरच पचवू शकते. शिवाय लिटरभर घामातून दोन-अडीच ग्रॅम मीठ जाऊ शकते. नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील मीठ पातळ होते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले होते. आपल्या आजीने उन्हातून आलेल्याला मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा लिंबाचे सरबत पुढे केले, त्यात केवढे शहाणपण होते!

म्हणजे जमेची बाजू एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. उरतो एकच मार्ग, खर्च आवरण्याचा. गती कमी करायची. उसाचा हट्ट सोडून ज्वारी पेरायची.

याला जोड सवयीची. रोज तासभर बेताने उन्हात व्यायाम केला, तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलते : रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. ही सवय काही आठवड्यांत मोडतेही. गेल्या वर्षीचे ऊन यंदा कामाला येत नाही. आणि ही सवय काय किंवा हा हिशेब काय, दोन्ही धोका कमी करतात, नाहीसा करीत नाहीत.

थांबण्याचे धैर्य

२०२२ साली आम्ही दोघेही गोव्याला गेलो. होय, तो मुलगाही. डॉक्टरांच्या अनुमतीने आणि त्याच्या आईच्या संमतीने. पहाटेच्या समुद्रात आम्ही उतरलो. सायकलवर मी मनाला वारंवार लगाम घातला. माझ्याहून वयस्कर माणसे पुढे जात होती, जाऊ दिली. धावण्याच्या टप्प्यात प्रत्येक पाणपोईवर थांबून प्यालो, टोपीत बर्फ भरला, चढ चालत पार केले. आठ तास पूर्ण होऊन काही मिनिटांनी अंतिम रेषा ओलांडली. स्पर्धेची मुदत साडेआठ तासांची. सांगण्यासारखी वेळ नव्हे.

मुलगा मात्र मला अंतिम रेषेजवळ सावलीत बसलेला दिसला. धावण्याचा निम्मा टप्पा झाल्यावर त्याला शिरशिरी आली, डोके हलके वाटले. तो स्वत:हून स्वयंसेवकांकडे गेला आणि म्हणाला, "मी थांबतो." मला पाहून तो हसला. "काका, या वेळी कोणाला विचारले नाही," म्हणाला. माझ्या गळ्यातील पदकापेक्षा मला त्याच्या त्या निर्णयाचे मोल अधिक वाटले, आणि त्या वाक्यातला बोचरा भागही मी मुकाट्याने स्वीकारला.

१८ सप्टेंबर २०१६ रोजी मेक्सिकोतील कोझुमेल येथे जागतिक मालिकेच्या अंतिम शर्यतीत इंग्लंडचा जॉनी ब्राउनली आघाडीवर असताना, अवघे काही शे मीटर उरले असता, उन्हाने झोकांड्या खाऊ लागला. मागून येणारा त्याचा थोरला भाऊ ॲलिस्टर हा ऑलिम्पिक विजेता. त्याने स्वत:च्या विजयाची संधी सोडली, भावाला खांदा दिला आणि अंतिम रेषेपलीकडे ढकलले. जगाने ते दृश्य डोक्यावर घेतले. योग्यच झाले. परंतु जगातल्या उत्तमातील उत्तम खेळाडूचीही ऊन ही दशा करते, हे आपण विसरू नये.

मित्रांनो, आपल्यातील बहुतेक जण ही स्पर्धा कधीच करणार नाहीत. पण ऊन सर्वांचे आहे. ऊसतोडणीचा कामगार, बंदोबस्तावरचा पोलीस, भर दुपारी शिबिराची मैदाने आखणारा कार्यकर्ता, शाळेच्या कवायतीत उभे असलेले मूल, या प्रत्येकाचा ताळेबंद कोणीतरी मांडला पाहिजे. ज्याच्या शब्दावर चार माणसे चालतात, त्याच्यावर ही जबाबदारी अधिक. अनुयायाची निष्ठा ही नेत्याजवळ ठेवलेली ठेव असते. ती आपल्या अहंकारासाठी खर्चायची नसते. त्या एप्रिलमध्ये मी ती खर्चली होती.

दरवर्षी ज्येष्ठात संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून आपल्या जिल्ह्यातून पंढरीकडे जाते. त्या दिंडीत म्हातारी माणसे असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात. शेकडो किलोमीटर ती माणसे चालतात, कारण त्यांचे टप्पे ठरलेले आहेत, विसावे ठरलेले आहेत आणि वाटेवर गावोगाव कोणीतरी पाण्याची कळशी घेऊन उभे आहे. विसाव्याला तेथे कोणी दुबळेपणा म्हणत नाही. गीतेने आहार-विहारातील जी युक्तता सांगितली, ती आपल्या वारकऱ्याने पायांनी आचरून दाखवली आहे.

म्हणून उद्यापासून सराव अवश्य करा, पण सूर्योदयापूर्वी निघा. सोबत्याला सोडून पुढे जाऊ नका. आणि कोणी "थांबू या का?" असे विचारले, तर पहिल्याच वेळी थांबा. करंजीच्या वाटेवरच्या त्या माउलीला मी तसा शब्द दिला आहे. आज आपणा सर्वांकडून तो मागतो.