मनाचा घाव आणि मेंदूची घडण

काही वर्षांपूर्वी, तहसीलदार म्हणून काम करीत असताना, एका स्त्रीच्या जबाबावर मी 'विसंगती आढळते' असा शेरा मारला होता. आषाढातील एका रात्री दरड कोसळून तिचे घर गाडले गेले होते. पतीचे प्रेत हाती लागले नव्हते. तो त्या रात्री घरी होता की नाही हे ठरविण्यास तिच्या सांगण्यावाचून दुसरा आधार नव्हता. तिचा जबाब तीन वेळा घेतला गेला. एकदा ती म्हणाली, मालक शेजारीच निजले होते; एकदा म्हणाली, ते बाहेर गेले होते. दरड कधी मध्यरात्री आली, कधी कोंबडा आरवल्यावर. मात्र ओल्या मातीचा वास आणि डोंगरातून आलेली घरघर यांचे वर्णन तिन्ही वेळा जसेच्या तसे होते. तिचा दीर वस्तीच्या दुसऱ्या टोकाला राहत असे. त्याचेही घर गेले होते, पोटचा मुलगाही गेला होता. पण त्याने सारी हकीकत ओळीने सांगितली, आणि महिनाभरात तो नव्या घराचे वासे तासू लागला. मी मनाशी म्हटले, हा गडी मनाचा घट्ट. बाई एक तर दुबळी, नाही तर खोटी.

हा निवाडा मी कशाच्या बळावर केला, हा प्रश्न पुढे मेंदूविषयीची काही पुस्तके वाचताना मला छळू लागला. मी शास्त्रज्ञ नव्हे, माझी एम. ए.ची पदवी इतिहासाची आहे. तेव्हा श्रोत्यांनी हे एका जिज्ञासू वाचकाचे निवेदन समजावे.

आपल्या कानशिलांच्या आत, मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत, बदामाच्या आकाराची एकेक गाठ असते. तिला अमिग्डाला म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. तिच्या मागे लागूनच समुद्रघोड्यासारखा वाकलेला एक अवयव असतो, त्याचे नाव हिप्पोकॅम्पस. पहिली गाठ म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. धोका दिसताच ती हाकाटी करते, आणि विचार करावयास सवड मिळण्यापूर्वीच हातपाय हलू लागतात. दुसरा अवयव म्हणजे दप्तरी कारकून. काय घडले, कोठे घडले, कशानंतर घडले, याची नोंद ठेवणे त्याचे काम. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकण्यात आला. त्यानंतर घडणाऱ्या प्रसंगांची आठवण त्याच्यापाशी टिकेनाशी झाली. नुकतीच भेटून गेलेली व्यक्ती परत आली, तर ती त्याला अनोळखीच वाटे.

जिवावरच्या प्रसंगी शरीरात ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसोल यांसारखी द्रव्ये उसळतात. त्यांच्या प्रभावाखाली पहारेकऱ्याला जोर चढतो आणि कारकुनाची लेखणी अडखळते, असे आज मानले जाते. म्हणून वास आणि आवाज मनात डागल्यासारखे उमटतात. पण आधी काय आणि मागून काय, हा क्रम तुटतो. अशी आठवण 'तेव्हाची' राहत नाही. ती पुन्हा पुन्हा 'आत्ताची' होऊन येते. आता ध्यानात घ्या की सरकारी जबाबात आम्ही प्रथम विचारतो ते 'किती वाजता?'

अशा माणसांविषयी अधिकारीवर्गाची दृष्टी पूर्वीपासून कठोर होती. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने खचलेल्या शिपायांना भित्रे, पळपुटे ठरवून ब्रिटिश सैन्याने गोळ्या घातल्याचीही उदाहरणे आहेत. रण सोडणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली देहदंड झालेल्या ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने क्षमा केली ती २००६ साली, म्हणजे त्यांच्या नातवंडांचे केस पिकल्यानंतर.

मग एकच आघात एकाला मोडतो आणि दुसरा त्यातून सावरतो, हे कसे? १९९० नंतरच्या दशकात, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या आणि मानसिक आघाताने पिडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मेंदूची चित्रे घेतली गेली. त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा लहान आढळला. अनेकांनी निष्कर्ष काढला की युद्धाच्या ताणाने तो झिजला. तर्क सयुक्तिक होता. दीर्घ ताणाखाली उंदरांच्या याच भागातील पेशींच्या शाखा आखडतात, हे प्रयोगांनी दिसलेच होते. पण तो आधीपासूनच लहान असला तर?

हा पेच सोडविण्यासाठी मार्क गिल्बर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकरूप जुळे भाऊ शोधले. अट अशी की जोडीतील एक रणांगणावर गेलेला असावा आणि दुसरा नाही. दोघांची जन्मजात घडण एक, फरक युद्धाचा. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या सैनिकांना तीव्र व्याधी जडली होती, त्यांच्या युद्ध न पाहिलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहान होता! म्हणजे निदान या सैनिकांत तरी लहानपणा हा निव्वळ घावाचा वण नव्हता. घाव खोल जाण्यास अनुकूल अशी ती पूर्वीचीच ठेवण होती.

हे वाचून मी प्रथम हिरमुसलो. सारे जन्मतःच ठरलेले असेल, तर धीर देणे, आधार देणे याला काय अर्थ? परंतु त्या घरी राहिलेल्या भावांकडे पाहा. मेंदू तोच, पण त्यांना ती व्याधी नव्हती. घडण ही कलती जमीन म्हणावी. पाऊस पडल्यावाचून ती खचत नाही. शिवाय हे फरक सरासरीचे असतात. २०१८ साली १,८०० हून अधिक लोकांची मापे एकत्र करून पाहिली, तेव्हा फरक खरा ठरला, पण तो बेताचाच होता. एकाच माणसाचे चित्र पाहून हा मोडेल, हा टिकेल, असे भाकीत कोणी करू नये.

सावरणे म्हणजे विसरणे, हाही समज सोडून द्यावा लागतो. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला पूर आला आणि पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचविली गेली. काही कुत्र्यांची शिकविलेली प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी झाली. काहींवर फारसा परिणाम दिसला नाही. एक कुत्रा हळूहळू पूर्ववत झाला. पुढे प्रयोगाच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीक धार सोडताच तो पुन्हा बिथरला. भीती गेली नव्हती, दबली होती. कपाळामागचा मेंदूचा भाग पहारेकऱ्याला 'हे पाणी म्हणजे पूर नव्हे' असे समजावीत असतो, आणि हे समजावणे शिकावे लागते. निर्भय जागी, विश्वासाच्या माणसासमोर, सोसवेल तितकेच आठवत गेल्याने ते साधते. पण दुर्घटनेनंतर लगेच, सरसकट सर्वांकडून सारे वदवून घेऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आम्ही तीन जबाब घेतले ते पहिल्या नऊ दिवसांत.

प्रौढ मेंदू बदलतो, याचे एक सुखद उदाहरण लंडनचे आहे. तेथे टॅक्सीचा परवाना मिळविण्यास हजारो रस्ते पाठ करावे लागतात. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग अभ्यासापूर्वीपेक्षा वाढलेला आढळला, असे २०११ साली दाखविण्यात आले. अनुत्तीर्णांत ती वाढ नव्हती. आमच्या विभागीय परीक्षांनी मेंदूची अशी काही वाढ होत असेल, याविषयी मात्र मी साशंक आहे.

त्या बाईचे प्रकरण सुटले ते यांपैकी काही वाचल्यामुळे नव्हे. आमच्या एका वयस्क तलाठ्याने दोन महिन्यांनी निवारा-छावणीत तिची गाठ घेतली. कागद पिशवीतच ठेवून त्यांनी विचारले, "बाई, तुमची गाय व्याली होती का हो?"

"व्हायची होती," ती म्हणाली. "म्हणून तर मालक रात्रीचे दोनदा उठून गोठ्यात गेले. दोनदा येऊन निजले. तिसऱ्यांदा मीच जाते म्हटलं. मी गोठ्यात होते, ते आत होते."

ते शेजारी निजले होते हे खरे, बाहेर गेले होते हेही खरे. तलाठीबुवांनी मला हे सांगितले, तेव्हा फाइल अजून माझ्याच टेबलावर होती. शेरा मी त्याच दिवशी खोडला. सानुग्रह अनुदान तिच्या हाती पडले तेव्हा पाऊस सरून भाते कापणीला आली होती.