मुखपृष्ठाची कच्ची रेखाटने

कादंबरीचे मुखपृष्ठ वाचकाच्या हाती येते ते एकच, आणि पुरे झालेले. त्यापूर्वी चित्रकाराने काढलेली आणि टाकून दिलेली दहावीस रेखाटने सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. वस्तुतः कादंबरीचा खरा विचार त्या टाकलेल्या कागदांवरच झालेला असतो.

कादंबरी नवी असेल, तर चित्रकाराला पुष्कळ मोकळीक असते. परंतु जी कादंबरी वाचकांच्या दोनतीन पिढ्यांनी मनात जपली आहे, तिला नवे वेष्टन चढविणे हे अवघड काम होय. नायकाचा चेहरा प्रत्येकाने आपापल्या मनात रंगविलेला असतो. चित्रातला चेहरा त्याच्याशी जुळला नाही, की ओळखीचे पुस्तक परके वाटू लागते. म्हणून जाणता चित्रकार कादंबरी वाचून काही दिवस बाजूला ठेवतो आणि स्मरणात काय उरले याचा शोध घेतो. मग टपालाच्या तिकिटाहून थोड्या मोठ्या चौकटी आखून तो त्यांत मोजक्या रेषा ओढतो. एवढ्याशा चौकटीत जे ओळखू येते, तेच पुढे दुकानाच्या फळीवर दुरून ओळखू येते.

ठशांच्या छपाईच्या काळी या विचाराला खर्चाचीही मर्यादा असे. प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा करावा लागे आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून काढावा लागे. दोनच रंगांची मुभा असेल, तर कागदाचा पांढरेपणा हाच तिसरा रंग मानून चालावे लागे. मराठी वाचकांना चिरपरिचित असलेले दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी अशाच छपाईच्या काळात आपल्या डौलदार रेषेने असंख्य पुस्तकांना रूप दिले.

कच्च्या रेखाटनाची शक्ती किती असते, याचे उत्तम उदाहरण बंगालमध्ये सापडते. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ १९२९ साली ग्रंथरूपाने आली. १९४४ च्या सुमारास कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने तिची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढण्याचे ठरविले आणि चित्रांचे काम सत्यजित राय या तरुणाकडे सोपविले. त्या चित्रांसाठी केलेला विचार पुस्तकापाशी थांबला नाही. १९५५ साली पडद्यावर आलेल्या ‘पथेर पांचाली’तील काही दृश्यांचे मूळ या रेखाटनांत होते.

राय यांचे वाचक त्या कादंबरीतील खेड्याला ओळखत होते. परंतु ज्या समाजाविषयी बहुसंख्य वाचकांना काहीच ठाऊक नाही, त्याची पहिली ओळख मुखपृष्ठच करून देते. तेथे चित्रकाराची जबाबदारी अधिक वाढते. यासाठी पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद प्रदेश पाहावा. तेलंगणातील या भागात तेलुगू आणि गोंडी यांच्याबरोबर मराठीही घरात आणि बाजारात बोलली जाते. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि गोंडांची कसती जमीन हिरावली जाऊ लागली, तेव्हा कुमरम भीम निजामी राजवटीविरुद्ध उभा राहिला. १९४० साली जोडेघाट येथे तो पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. २०१६ च्या विभाजनानंतर जोडेघाट ज्या नव्या जिल्ह्यात आले, त्याला भीमाचेच नाव आहे. त्याच्या जीवनावर अल्लम राजय्या आणि साहू यांनी तेलुगूत कादंबरी लिहिली.

अशा कादंबरीच्या मराठी अवताराचे मुखपृष्ठ करावयाचे झाले, तर पहिले रेखाटन कोणते उतरेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. मोरपिसांचा भव्य मुकुट घातलेला गुसाडी नर्तक! चित्र देखणे होईल खरे. परंतु तो मुकुट दिवाळीच्या सुमारास व्रतस्थ होऊन नाचणाऱ्यांचा आहे. जमिनीसाठी लढणाऱ्या माणसाला सणाचा वेश चढविला, की त्याचे गाऱ्हाणे झाकले जाते आणि उरते ती केवळ शोभा. दुसरे रेखाटन बंदूक उगारलेल्या वीराचे होईल. पण तो वीर कोणत्याही देशाचा असू शकेल. तिसऱ्या रेखाटनाला कदाचित वाट सापडेल: डोंगराची एक कड, तिच्या उतारावर नांगरलेला जमिनीचा लहानसा तुकडा, आणि त्या तुकड्याला मधोमध छेदून जाणारी, पट्टीने ओढलेली जंगलखात्याची सरळ हद्द. भीम त्या चित्रात दिसत नाही, त्याचा प्रश्न मात्र दिसतो. आणि या चित्राला दोन रंग पुरतात.

वेष्टनावरची देवनागरी अक्षरेही तेथे उपरी ठरणार नाहीत. भीमाच्या मृत्यूनंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड मुलांसाठी शिक्षणकेंद्र सुरू झाले. त्या योजनेतील गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले होते. मराठीतील थोर इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही आदिलाबादेत अधिकारी असताना गोंडी आत्मसात केली आणि गोंडांवर ग्रंथ लिहिला. अशा लेखनाच्या वाचनात घालविलेले चार दिवस चित्रकाराच्या कुंचल्याला फार उपयोगी पडतील.

प्रकाशकाची घाई असते, छापखान्याची तारीख ठरलेली असते, आणि पहिले रेखाटन बहुधा सर्वांनाच आवडते. ते बाजूला सारून पुन्हा कोरा कागद घेण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्याच्याच हातून कादंबरीला आणि तीतील माणसांना न्याय मिळतो.