बाईंनी कापलेला अर्धा गुण
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘तू कॉम्प्युटरवर नेमकं करतोस तरी काय?’ असं सकाळपासून चारजणांनी विचारलं. मी भाषांतर करतो. कोबोल भाषेतले जुने प्रोग्राम जावा भाषेत उतरवतो. कोबोलचा जन्म १९५९चा, जावा बाहेर आली १९९५ला. बँकांचे कितीतरी हिशेब अजून कोबोलवर चालतात आणि ते लिहिणारी माणसं निवृत्त होत चालली आहेत.

एका बँकेचा बचत खात्याच्या व्याजाचा प्रोग्राम माझ्याकडे आला. ओळीला ओळ लावून मी तो जावात लिहिला. मग जुना आणि नवा शेजारी-शेजारी चालवून पाहिले. जुळेनात! १२,३४५ रुपये शिल्लक, व्याज वर्षाला ४ टक्के. दिवसाचे होतात १ रुपया ३५ पैसे आणि वर थोडं शेपूट. तीस दिवसांचे जुना प्रोग्राम म्हणे ४०.५०, माझा म्हणे ४०.५९. नऊच पैसे, पण खाती किती!

आधी मी स्वतःचीच चूक शोधली. जावातल्या ‘डबल’ प्रकारात ०.१ हा साधा आकडासुद्धा तंतोतंत मावत नाही. पैशांसाठी तो वापरायचा नसतो. घाईत मी तोच वापरला होता. तो काढून ‘बिगडेसिमल’ घातलं. फरक तेवढाच! मग मी भर बैठकीत म्हणालो, “जुना प्रोग्रामच चुकीचा आहे.”

तो लिहिणारे काका समोरच बसले होते. निवृत्तीला महिना उरलेला. रागावले नाहीत. कागदावर बोट ठेवून म्हणाले, “अहो, हा रकाना बघा. पैशांना दोनच घरं. आणि खालच्या ओळीत ‘राउंडेड’ दिसतंय का कुठे?”

नव्हतं. तो शब्द नसला की कोबोल दोन घरांपुढचे आकडे गुपचूप कापून टाकते. रोज कापायचं, मग बेरीज. जावात मात्र कुठे कापायचं, कसं कापायचं, हे आपण लिहावं लागतं. मी आकडेमोड आणली होती, रकान्याची रुंदी तिकडेच राहिली होती. कापणं बरोबर की चूक, ते बँकेने ठरवावं. भाषांतर करणाऱ्याने परस्पर बदलू नये. मी काकांची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. दोन ओळी वाढवल्या, बेरजा पैशापर्यंत जुळल्या.

त्या रात्री मला नववीचा संस्कृतचा पेपर आठवला. ‘बालकौ गच्छतः’ याचं भाषांतर मी ‘मुलगे जातात’ असं केलं होतं. बाईंनी अर्धा गुण कापून शेजारी लाल शाईने लिहिलं होतं, ‘दोन कुठे गेले?’ संस्कृतात ‘दोन’ शब्दाच्या रूपातच असतात, मराठीत वेगळे लिहावे लागतात. मी तेव्हा बाईंशी त्या अर्ध्या गुणासाठी भांडलो होतो.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, ते भांडण मी मागे घेतो.